न तुटणारा सूर : बॅगपाइप आलं कुठून आणि जगभर रुजलं कसं?

कापूसवाट

राम राम मंडळी.

आमचं गाव परतवाड्याच्या अलीकडे. मागे मेळघाटाचे डोंगर, पुढे कपाशी आणि तूर. माझे मोठेबाबा फौजेत होते, पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप, म्हणजे काखेत हवेची पिशवी दाबून वाजवायचं वाद्य, वाजवायचे. पेन्शनीवर आले तेव्हा स्वतःच्या पैशानं घेतलेलं एक वाद्य सोबत घेऊन आले. आज सत्तरी ओलांडली तरी १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंड्याखाली उभे राहून वाजवतात. गावात बॅगपाइप हा शब्द कोणी वापरत नाही, सगळे 'फौजी सनई' म्हणतात.

दरवर्षी हिवाळ्यात काठेवाडी मेंढपाळ आमच्याकडे येतात, शेतकरी खतासाठी वावरात त्यांच्या मेंढ्या बसवतात. यंदा त्यांच्यातला एक म्हातारा पाणी मागायला अंगणात आला. मोठेबाबा तेव्हा वाद्य सोडवून पिशवी पुसत बसले होते. म्हाताऱ्यानं ती पिशवी मागून घेतली, शिवण चाचपली, कातड्याचा वास घेतला आणि म्हणाला, "ये तो मशक है. पर इसको काटके सिया क्यों?" मग तिथेच बसून त्यानं सांगितलं. पाण्याची मशक करायची तर बकऱ्याचं पोट चिरायचं नाही. मानेकडून अख्खं कातडं उलटं सोलत काढायचं. मानेचं आणि पायांचं भोक आयतंच मिळतं. नको ती बांधून टाकायची.

मोठेबाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं वाजवलं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं."

तेव्हापासून मी या वाद्याच्या मागे लागलो आहे. बल्गेरियाची गाइडा, तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठचा तुलुम, ग्रीक बेटांवरची त्सांबुना, दक्षिण इटलीची झांपोन्या, या सगळ्यांची जुनी पिशवी म्हाताऱ्यानं सांगितली तशीच असते. शेळीचं किंवा मेंढीचं अख्खं कातडं, मानेच्या आणि पायांच्या जागी लाकडी नळ्या. गुराख्याकडे जे जे हाताशी असतं, त्यातच हे वाद्य पुरं होतं : कातडं, बोरू, लाकूड आणि दिवसभराचा मोकळा वेळ. स्कॉटलंडचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं ते फार पुढे. ते त्याचं नावाजलेलं सासर, माहेर मात्र कळपामागचं.

कागदावरचा ठळक जुना पुरावा रोमचा आहे. सम्राट नीरो अखेरच्या दिवसांत नवस बोलला होता की संकट टळलं तर आपण लोकांपुढे पिशवीचं वाद्य वाजवू. स्वेटोनियस या चरित्रकारानं तसं लिहून ठेवलंय. त्याच काळातला डिओ क्रिसोस्टोम हा वक्ता तर काखेत पिशवी दाबून वाजवणाऱ्या राजाचं वर्णन करतो. त्याआधी ग्रीस-रोममध्ये जोडनळ्यांचं औलोस होतं. ते वाजवणारे गालावर चामडी पट्टा बांधत, इतका फुंकरीचा ताण यायचा. तो ताण गालावरून काढून काखेतल्या पिशवीवर टाकला, एवढीच युक्ती. पण त्या एका युक्तीनं वाद्याचा स्वभाव बदलला. सूर तुटेनासा झाला.

तेराव्या शतकात स्पेनच्या दहाव्या अल्फोन्सो राजानं करवून घेतलेल्या भक्तिगीतांच्या पोथीत बॅगपाइप वाजवणाऱ्यांची रंगीत चित्रं आहेत. १५१४ साली ड्यूरर या जर्मन चित्रकारानं झाडाला टेकून वाजवणारा खेड्यातला माणूस कोरला. म्हणजे युरोपभर ते लग्नाचं, जत्रेचं, गावाचं वाद्य होतं.

आपल्याकडे कोणी असं पिशवीचं वाद्य पाहिलंय का? कोणत्याही गावचं असो, सांगा.

मोर्शीचा_भाऊ

लय भारी धागा राजेहो! मी २६ जानेवारीले नागपूरला कस्तुरचंद पार्कवर हे वाद्य आयकलं व्हतं, अंगावर काटाच आला. पण मले एक समजलं नाई. वाजवनारा मधीच तोंड काहाडते, इकडं-तिकडं पाह्यते, तरी वाजनं चालूच! थो दम घेते कवा?

कापूसवाट

भाऊ, हाच प्रश्न मी लहानपणी मोठेबाबांना विचारला होता. त्यांनी माझा हात पिशवीवर ठेवला आणि म्हणाले, "दाब."

फुंकायच्या नळीच्या टोकाशी चामड्याची एक छोटी झडप असते. हवा आत जाते, परत येत नाही. पिशवी डाव्या काखेत. फुंकताना कोपर सैल, दम घेताना कोपर घट्ट. आतला दाब मात्र क्षणभरही कमी-जास्त होता कामा नये, नाहीतर सूर डगमगतो. नवशिक्याची पहिली दोन-तीन वर्षं यातच जातात. आमच्या लोहाराचा भाता पाहिलात ना, खालचा भाग हवा ओढतो आणि वरचा सोडत राहतो, तसंच. आयर्लंडच्या इलन पाइपला तर खरोखरच भाता असतो, उजव्या कोपराला बांधलेला. तिथे तोंडाचा संबंधच नाही, त्यामुळे वाजवणारा गाऊही शकतो. २०१७ साली युनेस्कोनं त्या परंपरेला आपल्या यादीत घेतलं.

मोठेबाबांचं वाद्य स्कॉटलंडच्या पद्धतीचं. त्यात चार पत्त्या, म्हणजे हवेनं थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ जिभल्या. बोटांच्या नळीत सनईसारखी जोडपत्ती. खांद्यावरच्या तीन नळ्यांत एकेरी. त्या तीन नळ्या नुसता षड्ज धरतात : दोन एक सप्तक खाली, मोठी दोन सप्तकं खाली. बोटांच्या नळीत फक्त नऊ स्वर. आवाज लहान-मोठा करता येत नाही, मध्ये थांबता येत नाही. सा लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या बोटाचा निमिषभराचा कण लावावा लागतो, नाहीतर दोन्ही सा एकच होऊन जातात. या कणांवरच सगळी करामत आहे.

झाडीची_लेक

कापूसवाट भाऊ, डोळे भरून आले. माझे आबाजी देसाईगंजकडचे सनईवाले. लग्नसराईत वैशाख-ज्येष्ठ घरी नसायचेच. सनई एकट्यानं वाजत नाही. एक जण वाजवतो, शेजारी दुसरा नुसता 'सूर' धरून बसतो. लहानपणी मी आबाजींना विचारायची की हा काका काहीच वाजवत नाही, मग त्याला बिदागी का देता? ते म्हणायचे, तो भिंत धरून आहे म्हणून मी चित्र काढतो.

तुमच्या वाद्यात भिंत धरणारा नि चित्र काढणारा एकाच माणसाच्या काखेत आले, असं मला वाटतं.

आणि पिशवीच हवी असंही नाही. गारुड्याची पुंगी घ्या. दुधी भोपळा, खाली दोन नळ्या, एका नळीवर बोटं फिरतात, दुसरी सूर धरते. वारल्यांचा तारपाही भोपळ्याचाच. फरक एवढाच की भोपळा दाबता येत नाही, म्हणून त्यांना गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यावा लागतो. आमच्याकडून सिरोंच्याच्या पलीकडे उतरलं की तेलुगू मुलखात 'तित्ती' असते, बकऱ्याच्या कातड्याची. ती फक्त सूर धरायला, कथा सांगणाऱ्याच्या मागे. तुम्ही विचारलंत ना, कोणी पाहिलंय का? मी लहानपणी जत्रेत पाहिलीय. तेव्हा वाटलं होतं एखादं कोकरू कुशीत घेऊन बसलाय.

सातपुडा७१

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. हे वाद्य ऐकलं की मला १८५७ आठवतं. इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेत हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पलटणी होत्या, कानपूर-लखनौला त्या हीच पाइप वाजवत शिरल्या. आपल्या माणसांना चिरडायला आलेल्यांचं वाद्य आपण शाळेच्या झेंड्याखाली कौतुकानं ऐकायचं, हे मला पटत नाही. आपल्याकडे सनई आहे, गोंडांचे पेपरे आहे, मेळघाटात कोरकूंची बासरी आहे. त्यांना शाळेत कोणी बोलावत नाही.

कापूसवाट

सातपुडा, राग कसला? तुमचं शेवटचं वाक्य तर मी जसंच्या तसं ग्रामसभेत मांडणार आहे. १८५७ चंही खरं आहे.

पण त्याच्या आधीचं पान वाचा. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडखोरांचा मोड झाला. त्या बंडात पकडलेल्यांत जेम्स रीड नावाचा एक पाइपवाला होता. यॉर्कच्या न्यायालयात त्याच्या बाजूनं सांगण्यात आलं की याच्या हाती शस्त्र नव्हतं, हा फक्त वाजवत होता. न्यायालय म्हणालं, हायलँडची पलटण पाइपशिवाय कूच करत नाही, म्हणून पाइप हेच युद्धाचं हत्यार. त्याला फाशी दिली. ज्या वाद्यापायी माणूस फासावर गेला, तेच वाद्य शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच सरकारच्या फौजेपुढे लखनौला वाजत होतं. पोटासाठी पलटणीत भरती झालेल्या गरीब डोंगरी लोकांबरोबर ते तिथे गेलं. आपल्या वऱ्हाडातली, कोकणातली, देशावरची माणसं नाही का इंग्रजांच्या पलटणीत परमुलखात जाऊन लढली?

(एक गैरसमज इथेच दूर करतो. कलोडननंतर कायद्यानं बॅगपाइपवर बंदी घातली असं सगळीकडे सांगतात. त्या कायद्यात हत्यारं आणि हायलँडचा पोशाख यांचा उल्लेख आहे, पाइपचा नाही.)

वाद्याला मी दोष देऊ शकत नाही. १८९७ साली आताच्या पाकिस्तानातल्या दर्गईच्या चढाईत फिंडलेटर नावाच्या पाइपवाल्याच्या पायांना गोळ्या लागल्या, तो खाली बसून वाजवत राहिला. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बिल मिलिन कमरेएवढ्या पाण्यातून वाजवत उतरला, हातात एकही बंदूक नव्हती. मोठेबाबा म्हणतात की पाइपवाल्याचे दोन्ही हात कायम गुंतलेले असतात, तो स्वतःला वाचवूच शकत नाही. हे ते अभिमानानं सांगत नाहीत, अगदी हळू आवाजात सांगतात.

वणीची_पौडीत

मी मूळची वणीची, लग्नानंतर गढवालात. इथे लग्नात ढोल-दमाऊबरोबर मशकबीन वाजते. पलटणीतून परतलेल्या जवानांनी आणली आणि ढोल वाजवणाऱ्या घराण्यांनी आपली करून टाकली. आता इथल्या आजीला विचारा, ती म्हणेल हे आमचंच, देवांच्या वेळचं. पहिल्यांदा सासरी आले तेव्हा डोंगराच्या पलीकडून हा आवाज आला. नवरी निघाल्याचं दोन दऱ्या ओलांडून कळलं. मला माहेरची सनई आठवली आणि मी रडले.

इथे ते परकं आहे असं कोणालाच वाटत नाही. राजस्थानातही भैरूजींचे भोपे मशक वाजवतात.

सूरपेटी

उशिरा आले, पण गायनाची विद्यार्थिनी म्हणून दोन गोष्टी लिहितेच.

स्कॉटिश पाइपच्या नऊ स्वरांत निषाद कोमल येतो, बाकी शुद्ध. म्हणजे आपला खमाज थाट! म्हणून तर आपल्या कानाला ते पहिल्या ऐकण्यात ओळखीचं वाटतं. शिवाय स्वर पियानोसारखे वाटणी करून बसवलेले नसतात. खालच्या षड्जाशी जुळवून, तंबोऱ्यावर गळा लावावा तसे लावलेले असतात.

दुसरी गोष्ट 'पिब्रोख'ची. ही त्यांची मोठी, संथ बंदिश. आधी मूळ धून, तिला त्यांच्या गेलिक भाषेत 'ऊर्लार' म्हणजे जमीन म्हणतात. मग तिचेच विस्तार, प्रत्येक विस्तारात बोटांचं काम वाढत जातं, आणि शेवटी परत ती साधी जमीन. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्काय बेटावरचं मॅक्रिमन घराणं पिढ्यान्‌पिढ्या मॅक्लाउड सरदारांकडे हे वाजवायचं. शिकवणं सगळं तोंडी. स्वर आणि कण यांच्यासाठी ठरलेली अक्षरं, ती म्हणून दाखवायची, आपले तबल्याचे बोल असतात तशी. त्याला 'कांटरॉख' म्हणतात. त्यांचीही घराणी, त्यांचीही गुरुमुखी विद्या.

दारव्हेकर_मस्कत

इकडे ओमानमध्ये उंटावर बसून बॅगपाइप वाजवणारा शाही बँड आहे! मी कामावरून परतताना सराव ऐकलाय. जॉर्डन, पाकिस्तान, सगळ्यांच्या फौजेत आहे. पण आखातात फौजेच्या आधीपासूनचं 'हब्बान'ही आहे, कातड्याचं, पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर त्याचं नाव 'नेय-अंबान'. कोळ्यांच्या नाचगाण्यात ते अशा ठेक्यात वाजतं की पाय थांबत नाहीत.

सातपुडा यांना एक सांगतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर माणसाच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. तीत आपल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच तबकडीत बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरातलं एक गाणं आहे, बाई गातेय आणि साथीला दोन मोठ्या गाइडा आहेत. दोन्ही सूर एकाच तबकडीवर चाललेत, सूर्यमालेच्या बाहेर.

मोर्शीचा_भाऊ

दारव्हेकर भाऊ, हे वाचून मी वावरातच उभा राह्यलो. खरं सांगतो.

एक इचारतो, आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री. थे लाकूड, थे कातडं टिकते कसं?

कापूसवाट

मोठेबाबांची खरी लढाई हीच आहे. चांगल्या पाइपचं लाकूड आफ्रिकेतलं, टांझानिया-मोझांबिककडचं, काळंभोर, पाण्यात बुडेल इतकं जड. ते आपल्या शिसवाचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. स्वस्तातली पाइप सियालकोटला फार मोठ्या संख्येनं बनतात, ती बहुतेक शिसमची. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं. म्हणून मार्चपासून पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, मोठी आई लोणच्याच्या बरण्या ठेवते तिथे. नळ्यांना आतून बदामाचं तेल. सांध्यांवर मेण लावलेला दोरा, तो सुकला की सांधा ढिला, की पुन्हा गुंडाळायचा. पिशवीला आतून मध आणि ग्लिसरीन, म्हणजे कातडं मऊ राहतं आणि शिवणीतून हवा जात नाही. आता कृत्रिम कापडाच्या पिशव्या मिळतात, ही कटकट राहत नाही. मोठेबाबा ऐकत नाहीत. कातड्याला हात कळतो म्हणतात.

बोरूची पत्ती सगळ्यांत नाजूक. एप्रिलमध्ये ती बोलेनाशीच होते. वाजवण्याआधी ते ती जिभेवर धरून ओली करतात, अगदी सनईवाल्यासारखी.

वाजवून झालं की सगळं सोडवून सुकवायचंच, यात कुचराई नको. आत ओल राहिली तर बुरशी धरते आणि श्वासाबरोबर छातीत जाते. २०१६ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशाच एका वाजवणाऱ्याच्या मृत्यूची नोंद छापली होती. कोणी शिकत असेल त्यानं हे लक्षात ठेवा.

सातपुडा७१

दोन दिवस विचार केला. १८५७ बद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण व्हॉयेजरमधलं ते बल्गेरियाचं गाणं काल रात्री ऐकलं. आमच्याकडे रात्री जागलीला माचणावरून हाक देतात, पलीकडच्या वावरातून कोणीतरी तशीच लांब हाक परत देतो. ती बाई तशीच गाते आणि मागे तो सूर हलत नाही. माझ्या आजोबांच्या काळी गायकी (गुराखी) पावा वाजवत ढोरं परत आणायचा, तेही आठवलं.

तुमचे मोठेबाबा पोळ्याला वाजवतील का? आणि गावच्या सनईवाल्याला सोबत घेतील का? तसं झालं तर मी चिखलदऱ्याहून येईन.

कापूसवाट

धागा वर काढतोय, पोळा होऊन चार दिवस झाले.

सनईवाले काका आधी तयार नव्हते. दोन वाद्यांचा सूर जुळत नाही, आपली फजिती होईल म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पाइपचा षड्ज पेटीवरच्या काळी पाचच्याही थोडा वर, त्यांची सनई त्याहून खाली. दुपारभर दोघे ओसरीत बसून होते. शेवटी मोठेबाबांनी बोटांची नळीच बुचानं बंद केली. खांद्यावरच्या तिन्ही नळ्यांचे सांधे ओढत ओढत लांब केले. नळी लांब झाली की सूर उतरतो. उतरता उतरता तो सनईच्या षड्जाला येऊन मिळाला. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बस, इथंच ठेव."

म्हणजे मोठेबाबांनी त्या दिवशी एकही धून वाजवली नाही. झाडीची लेक म्हणतात तशी भिंत धरून उभे राहिले. तोरणाखाली बैल ओळीनं उभे, सनई सुरू झाली आणि खाली तो सूर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू येणारा. बैल बुजतील अशी मला भीती होती. एकही बुजला नाही, कान तेवढे टवकारले.

सातपुडा आले होते. झडत्या (पोळ्याला म्हणतात ती गाणी) सुरू होईपर्यंत दोघा म्हाताऱ्यांच्या शेजारी उभे होते. जाताना मोठेबाबांची पिशवी त्यांनी एकदा काखेत घेऊन दाबून पाहिली.

काठेवाडी अजून आलेले नाहीत. आले की त्या बाबांकडून एक अख्ख्या कातड्याची मशक करवून घ्यायची, असं मोठेबाबांनी ठरवलंय. नळ्या बसवायचे लाकडी बुडखे कातून द्यायला अचलपूरचा एक सुतार तयार झालाय.